परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांमधील अध्यापन : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील शिक्षकांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत अध्यापक म्हणून जाण्याची इच्छा बाळगणाऱ्या पदवीधरांची संख्या पालघर व बोईसर-तारापूर परिसरात लक्षणीय आहे. तथापि 'आंतरराष्ट्रीय शाळा' या संज्ञेखाली मुळात भिन्न स्वरूपाच्या संस्था मोडतात, हे अनेकांना ठाऊक नसते. अशा शाळा का व कशा निर्माण झाल्या, त्यांतील शिक्षकाचे स्थान कशावर अवलंबून असते, करार व कागदपत्रे यांबाबत कोणती दक्षता आवश्यक आहे आणि या परिसरातील शिक्षकाजवळ कोणते अंगभूत सामर्थ्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. शेवटी महाविद्यालयांनी करावयाच्या काही उपाययोजना सुचविल्या आहेत.

बीजशब्द : आंतरराष्ट्रीय शाळा, शिक्षक स्थलांतर, सेवाकरार, बहुभाषिक वर्ग, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. एका बाजूस जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी यांसारखे आदिवासीबहुल तालुके आणि दुसऱ्या बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुऊर्जा केंद्र, अशी या जिल्ह्याची दुहेरी ओळख आहे. पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील पालघर व बोईसर ही गावे गेल्या पन्नास वर्षांत झपाट्याने वाढली. कारखान्यांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात येथून कुटुंबे आली; त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि त्या शाळांसाठी शिक्षक लागले. यांपैकी बहुसंख्य शाळा विनाअनुदानित असून तेथील शिक्षकांच्या वेतनाविषयी येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अनुदानित शाळांत प्रवेश मिळणेही सुलभ राहिले नाही. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध आले. २०१३ पासून राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची भर पडली. नियुक्ती मिळालीच तर प्रथम शिक्षण सेवक म्हणून काम करावे लागते. त्यांचे मानधन अनेक वर्षे प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांसाठी अनुक्रमे ६,०००, ८,००० व ९,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० व २०,००० रुपये करण्यात आले. अशा परिस्थितीत 'आखातात शिक्षक पाहिजेत' ही जाहिरात तरुण पदवीधराचे लक्ष वेधून घेते, यात नवल नाही.

प्रस्तुत लेखिका स्वतः याच मार्गाने गेली. बी.एड. झाल्यावर बोईसरच्या एका विनाअनुदानित शाळेत तीन वर्षे अध्यापन, त्यानंतर २०१४ ते २०१६ या काळात आखातातील एका देशात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत दोन वर्षे सेवा, परत आल्यावर एम.फिल., काही काळ तासिका तत्त्वावर काम आणि त्यानंतर महाविद्यालयीन नियुक्ती असा हा प्रवास आहे. त्या दोन वर्षांत जे कळले ते जाण्यापूर्वी कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते, ही जाणीव या लेखामागे आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

१) आंतरराष्ट्रीय शाळांचा उगम व प्रकार स्पष्ट करणे.
२) तेथील शिक्षकाच्या सेवेचे स्थैर्य कोणत्या घटकांवर अवलंबून असते, ते समजावून घेणे.
३) करार व कागदपत्रे यांसंबंधीच्या महत्त्वाच्या बाबी मांडणे.
४) पालघर परिसरातील शिक्षकाच्या अनुभवाचे मूल्य अधोरेखित करणे.

हा लेख विवेचनात्मक आहे. सर्वेक्षणावर आधारलेला नाही. प्रकाशित कायदे व धोरणे आणि लेखिकेचा प्रत्यक्ष अनुभव ही त्याची साधने होत. आखाती देशांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण या परिसरातून शिक्षक प्रामुख्याने तिकडे जाण्याचा विचार करतात.

३. आंतरराष्ट्रीय शाळेचा उगम : नोकरीमागून जाणारी शाळा

आंतरराष्ट्रीय शाळा ही एखाद्या शैक्षणिक तत्त्वज्ञानातून जन्माला आली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा उगम अत्यंत व्यावहारिक गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये आली. निरनिराळ्या देशांतून आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण कोठे व्हावे, हा प्रश्न निर्माण झाला आणि १९२४ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. अधिकाऱ्याची बदली झाली तरी मुलाला कोणत्याही देशातील विद्यापीठात प्रवेश मिळावा, या गरजेतून पुढे १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था स्थापन झाली. केंब्रिजची आयजीसीएसई परीक्षा १९८८ पासून रूढ झाली.

हे तत्त्व समजण्यासाठी जिनिव्हापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच वर्षी अणुऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या शास्त्रज्ञ, अभियंते व कर्मचारी यांच्या मुलांसाठी ही संस्था अणुऊर्जा केंद्रीय विद्यालये चालविते व त्यांपैकी काही तारापूर येथे आहेत. बाहेरून आलेल्या नोकरदारांची वसाहत, त्या वसाहतीसाठी शाळा, बदलीच्या गावीही चालेल असा अभ्यासक्रम, ही रचना बोईसरकरांच्या नित्य परिचयाची आहे. परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळा ही याच रचनेची देशाबाहेरील आवृत्ती होय.

आखातातील भारतीय शाळांचा इतिहास हेच दाखवितो. तेलउद्योग व व्यापार यांच्यामागून भारतीय कुटुंबे गेली आणि कुटुंबांमागून शाळा गेल्या. बहरीनमधील भारतीय शाळा १९५० मध्ये, दुबईतील इंडियन हायस्कूल १९६१ मध्ये, जेद्दा येथील भारतीय आंतरराष्ट्रीय शाळा १९६९ मध्ये व मस्कतची भारतीय शाळा १९७५ मध्ये सुरू झाली. १९५९ मध्ये केरळमधून दुबईला गेलेल्या वर्की या शिक्षक दांपत्याने १९६८ मध्ये तेथे एक इंग्रजी शाळा काढली. त्यांच्या पुत्राने त्या शाळेतून 'जेम्स' हा जगातील मोठ्या खाजगी शाळासमूहांपैकी एक समूह उभा केला. त्याच कुटुंबाच्या वर्की फाउंडेशनचा जागतिक शिक्षक पुरस्कार २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला, हे सर्वज्ञात आहे. शिक्षकाच्या स्थलांतरातून उभ्या राहिलेल्या संस्थेने महाराष्ट्रातील खेड्यात राहिलेल्या शिक्षकाचा गौरव करावा, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाळा पालकांच्या नोकरीमागून जाते. म्हणून पालकांची नोकरी गेली की शाळेचा पट घटतो आणि पट घटला की शिक्षकाची नोकरी धोक्यात येते. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या प्रत्येक आश्रित कुटुंबीयामागे दरमहा १०० रियाल कर लागू केला व तो दरवर्षी वाढवीत २०२० पर्यंत ४०० रियालवर नेला. अनेक भारतीय कामगारांनी कुटुंबे मायदेशी पाठविली आणि त्याचा परिणाम तेथील भारतीय शाळांच्या पटसंख्येवर झाला. कर कारकुनावर वा अभियंत्यावर बसला. झळ शिक्षकालाही लागली. २०२० च्या महासाथीत आखातातून मोठ्या संख्येने कुटुंबे परतली, तेव्हाही हेच घडले. येथील शिक्षकास 'अतिरिक्त' ठरणे म्हणजे काय, ते ठाऊक आहे. परंतु येथे अतिरिक्त ठरलेल्या अनुदानित शिक्षकाचे समायोजन करण्याची व्यवस्था आहे, तेथे ती नाही.

४. आंतरराष्ट्रीय शाळांचे प्रकार

नावातील 'इंटरनॅशनल' या शब्दावरून शाळेविषयी काहीच निश्चित कळत नाही. जागतिकीकरणाच्या लाटेनंतर पालघर व बोईसरमध्येही असे नामफलक लागले आहेत. शिक्षकाने पुढील तीन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

अ) भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा : केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी, संलग्न अशा शाळा पंचवीसहून अधिक देशांत असून त्यांतील बहुतांश आखातात आहेत. मंडळाने २०२४ मध्ये दुबई येथे कार्यालयही उघडले. येथील विद्यार्थी मुख्यतः भारतीय असतात. पालक मध्यम व अल्प उत्पन्न गटांतील असल्याने शुल्क तुलनेने कमी आणि म्हणून शिक्षकाचे वेतनही कमी असते. या परिसरातील शिक्षकास प्रवेश मिळण्याची सर्वाधिक शक्यता याच शाळांत असते.

आ) ब्रिटिश, अमेरिकन वा आयबी अभ्यासक्रमाच्या शाळा : येथे शुल्क पुष्कळ अधिक असते व वेतनाबरोबर निवास, विमानप्रवास, वैद्यकीय विमा, मुलांचे शिक्षण अशा सवलती मिळू शकतात. मात्र त्या अभ्यासक्रमाचा अनुभव मागितला जातो. हा अनुभव भारतातही मिळविता येतो. आयबी शिक्षण भारतात १९७६ मध्ये कोडाईकनाल येथून सुरू झाले आणि महाराष्ट्रात मुळशी परिसरातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून कार्यरत आहे. मुंबईत तर अशा अनेक शाळा आहेत. इंग्लंडने २०२३ पासून गणित, विज्ञान व भाषा या विषयांच्या भारतीय शिक्षकांना तेथील 'पात्र शिक्षक दर्जा'साठी थेट अर्ज करण्याची वाट खुली केली आहे. ब्रिटिश शाळांत या दर्जास मोठे वजन असते.

इ) स्थानिक श्रीमंत वर्गासाठीच्या शाळा : आग्नेय आशिया व चीनमध्ये अशा शाळा वाढल्या. पाल्याने इंग्रजीत शिकावे हा पालकांचा मुख्य हेतू असतो. अशा काही शाळांच्या जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच प्राधान्य असल्याचे उघडपणे नमूद केलेले असते. समान पदवी व समान कार्यभार असूनही पारपत्राच्या रंगानुसार वेतन ठरण्याचा प्रकार आजही आढळतो. हे अन्यायकारक आहे, परंतु अर्ज करताना ते गृहीत धरूनच विचार करावा लागतो.

५. कायद्याचे संरक्षण : एक महत्त्वाची पोकळी

परदेशी नोकरीस जाणाऱ्या भारतीयांच्या संरक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर 'तपासणी आवश्यक', म्हणजे ईसीआर, असा शेरा असतो. अशा व्यक्तीस आखाती देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाताना शासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी तिचा सेवाकरार तपासला जातो व तिला प्रवासी भारतीय विमा योजनेखाली विमा घ्यावा लागतो. दहावी वा त्यापुढे शिकलेली व्यक्ती या तपासणीतून वगळलेली आहे. शिक्षित मनुष्य स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, हे त्यामागील गृहीतक होय.

येथेच शिक्षकाची अडचण सुरू होते. बोईसरहून आखातात जाणाऱ्या निरक्षर गवंड्याचा करार कोणीतरी पाहतो. पदव्युत्तर शिक्षकाचा करार कोणीही पाहत नाही. परिचारिकांची मोठ्या प्रमाणावर फसवणूक झाल्यानंतर २०१५ मध्ये त्यांना, सुशिक्षित असूनही, या पूर्वमंजुरीच्या कक्षेत आणण्यात आले. शिक्षकांबाबत अशी तरतूद झालेली नाही. याचा अर्थ शिक्षकाने स्वतःच तपासणी अधिकारी व्हावयाचे आहे.

त्यासाठी काही साधने मात्र उपलब्ध आहेत. परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालाने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून नोंदणीकृत दलालांची यादी 'ई-मायग्रेट' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. दलालास उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. यापेक्षा अधिक रक्कम मागणारा किंवा पावती न देणारा दलाल तेथेच संशयास्पद ठरतो. 'आधी पर्यटक व्हिसावर या, नंतर कामाचा करून देऊ' हे आश्वासन कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये. पर्यटक व्हिसावर वर्गात उभे राहणे बेकायदेशीर असून त्या स्थितीत वेतन बुडाल्यास दाद मागणे अतिशय अवघड होते.

६. सेवाकरार कसा वाचावा?

लेखिकेने जाण्यापूर्वी मुंबईत दोन पानी नियुक्तीपत्रावर स्वाक्षरी केली. त्यात एकूण मासिक वेतनाचा आकडा ठळक होता. प्रत्यक्ष करार तेथे पोहोचल्यावर हाती पडला, तेव्हा त्या आकड्यातील निम्म्याहून अधिक भाग 'भत्ता' या सदरात असल्याचे लक्षात आले. सेवा सोडताना उपदानाची रक्कम हाती आली, तेव्हा त्या विभागणीचा खरा अर्थ कळला. लेखिका पदव्युत्तर पदवीधारक होती. तरीही करार वाचावयास तिला कोणी शिकविले नव्हते.

संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घेऊन हे स्पष्ट करता येईल. तेथील २०२१ चा कामगार कायदा क्रमांक ३३ हा फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार परिविक्षा काल सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. कर्मचाऱ्यास आणण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येत नाही. आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी २१ दिवसांच्या व त्यापुढे प्रतिवर्षी ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतके उपदान मिळते. येथे 'मूळ वेतन' हे शब्द निर्णायक आहेत.

असे समजू की दोन शिक्षकांचे एकूण वेतन प्रत्येकी ४,००० दिरहम आहे. पहिल्याचे मूळ वेतन ३,००० व दुसऱ्याचे १,६०० दिरहम आहे. महिना ३० दिवसांचा धरल्यास २१ दिवसांचे मूळ वेतन पहिल्यास २,१०० व दुसऱ्यास १,१२० दिरहम होते. दोन वर्षांनी पहिल्यास ४,२०० व दुसऱ्यास २,२४० दिरहम मिळतील. दरमहा समान रक्कम घेणाऱ्या दोघांत शेवटी जवळजवळ दुपटीचा फरक पडतो व तो कराराच्या एका ओळीतून पडतो.

करारात पाहण्याच्या अन्य बाबी थोडक्यात अशा : वेतन बारा महिन्यांचे आहे की उन्हाळी सुटी वगळून, निवास स्वतंत्र आहे की सामाईक, परतीच्या प्रवासाचे भाडे दरवर्षी मिळते की करार संपल्यावर, आठवड्याचे तास किती व बदली तासिकांचा त्यात समावेश आहे काय, मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास काय भरावे लागते, आणि वाद झाल्यास कोणत्या भाषेतील प्रत ग्राह्य धरली जाते.

पारपत्राचा मुद्दा स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. लेखिकेच्या शाळेच्या कार्यालयाने 'सुरक्षिततेसाठी' पारपत्र स्वतःकडे ठेवून घेतले होते. इतर सर्व शिक्षकांनी दिले म्हणून तिनेही दिले. दोन महिन्यांनी लेखी अर्ज केल्यावर ते विनातक्रार परत मिळाले. तोंडी विनंती मात्र तीनदा निष्फळ ठरली होती. पारपत्र धारकाच्याच ताब्यात असले पाहिजे आणि मालकाने ते अडकवून ठेवणे आखाती देशांतही कायद्यास धरून नाही, एवढे ज्ञान पुरेसे होते. ते जाण्यापूर्वी नव्हते.

आणखी एक बाब दीर्घकालीन आहे. आखाती देशांत परदेशी शिक्षकास सामान्यतः निवृत्तिवेतन नसते. उपदान हीच अखेरची रक्कम. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेले शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनाबाहेर गेले, तरी अंशदानाची काही व्यवस्था आहे. परदेशी गेलेल्या शिक्षकाने ती तजवीज स्वतः केली नाही, तर कमावत्या वर्षांनंतर हाती काही उरत नाही. घराचे कर्ज फेडले, बहिणीचे लग्न झाले, परंतु स्वतःच्या वृद्धापकाळासाठी काहीच नाही, अशी स्थिती लेखिकेने सहकाऱ्यांत पाहिली आहे.

७. कागदपत्रे आणि महाविद्यालयाचे कार्यालय

पदवीचे प्रमाणीकरण ही साखळी प्रक्रिया असते. प्रथम राज्य शासनाचे साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे आणि आवश्यक तेथे संबंधित देशाच्या वकिलातीचे. हेग येथील ॲपॉस्टिल करार भारतास १४ जुलै २००५ पासून लागू झाला. ओमान, बहरीन व २०२२ पासून सौदी अरेबिया हे देशही या करारात असल्याने तेथे परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपॉस्टिल हीच अंतिम पायरी ठरते. करारात नसलेल्या देशांसाठी वकिलातीची पायरी राहते. याशिवाय पोलीस पडताळणी दाखला, वैद्यकीय तपासणी व पूर्वीच्या मुख्याध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगल्या शाळा उमेदवाराच्या सेवाकालातील प्रत्येक खंडाचे कारण विचारतात. त्याचा राग मानू नये.

या साखळीत अनेकदा पहिलाच दुवा निखळतो आणि तो महाविद्यालयाच्या कार्यालयात असतो. शिक्षण नियमित पद्धतीने झाले, अध्यापनाचे माध्यम अमुक होते, अभ्यासक्रमाचा कालावधी इतका होता, सराव पाठ इतके झाले, असा साधा दाखला अनेक देशांतील समकक्षता अधिकारी मागतात. दूरस्थ पद्धतीने मिळविलेल्या पदवीबाबत तर हे प्रश्न अधिक कसोशीने विचारले जातात. असा दाखला कोणत्या नमुन्यात द्यावा, हे कार्यालयास ठाऊक नसल्यामुळे उमेदवारास फेऱ्या माराव्या लागतात व तोपर्यंत नियुक्तीची मुदत टळून जाते.

८. पालघरच्या शिक्षकाचे सामर्थ्य

येथवर धोक्यांचा विचार झाला. आता दुसरी बाजू पाहू. या जिल्ह्याला बालशिक्षणाची मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीचा अभ्यास केलेल्या ताराबाईंनी परदेशी साधनांची नक्कल केली नाही. स्थानिक वस्तूंपासून साधने घडविली, अंगणात अंगणवाडी भरविली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. जगातून आलेला विचार वारली मुलाच्या अंगणात कसा रुजवावा, याचा हा वस्तुपाठ होय. आंतरराष्ट्रीय शाळा नोकरीमागून जाते. कोसबाडची शाळा मुलामागून गेली. चांगल्या शिक्षकास दोन्हींतील भेद ठाऊक असावा.

मुलाखतीच्या वेळी लेखिकेस विचारलेला एकच प्रश्न आजही आठवतो. 'तुमची भाषा न कळणारे मूल वर्गात आले, तर पहिल्या आठवड्यात काय कराल?' शहरातील नामांकित शाळांतून आलेले उमेदवार या प्रश्नावर अडखळले, असे नंतर कळले. लेखिकेस उत्तर शोधावे लागले नाही. बोईसरच्या वर्गात घरी भोजपुरी, गुजराती, ओडिया व वारली बोलणारी मुले एकाच बाकावर बसत. एखादा शब्द चार भाषांत लिहून भिंतीवर लावणे, नव्या मुलास त्याची भाषा येणारा जोडीदार देणे, चित्रांवरून बोलावयास लावणे, पहिले काही दिवस चुका न सुधारणे, हे सारे तेथे गरजेपोटी केलेले होते. आखातातील वर्गात मल्याळम, तमिळ, उर्दू व बंगाली मुले आली तेव्हा तीच भिंत पुन्हा उभी राहिली. जी गोष्ट बोईसरमध्ये अडचण म्हणून गणली जात होती, तिला तेथे कौशल्य म्हणत होते.

दुर्दैवाने आपले शिक्षक हा अनुभव अर्जात लिहीत नाहीत. 'तीन वर्षे इयत्ता पाचवी ते आठवी, विज्ञान' एवढीच नोंद असते. बहुभाषिक वर्ग हाताळल्याचा लेखी पुरावा, म्हणजे पाठटाचणे, साधनांची छायाचित्रे, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी, त्यांच्याजवळ नसतो. कारण तो जपून ठेवावा असे कोणी सांगितलेले नसते.

९. परतीचा प्रश्न

परदेशातील सेवा बहुतेकांच्या बाबतीत तात्पुरती असते; म्हणून परत येताना काय आणावयाचे, याचा विचार जाण्यापूर्वीच व्हावा. दुबईतील खाजगी शाळांची शासकीय तपासणी २००८ पासून सुरू झाली व तिचे अहवाल जाहीर केले जात. अशा व्यवस्थेत काम केल्याने वर्गनिरीक्षण सहजपणे स्वीकारणे, मूल्यमापनाचे निकष आधी लिहून ठेवणे, एकमेकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पडताळून पाहणे, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लेखी नियम पाळणे या सवयी अंगी बाणतात. त्या मोलाच्या आहेत.

परंतु येथे परतल्यावर त्या सेवेची नोंद वेतननिश्चितीत होत नाही. लेखिकेची परदेशातील दोन वर्षे आज तिच्या सेवापुस्तकात कोठेही नाहीत. दरम्यानच्या काळात येथे राहिलेल्या मैत्रिणी सेवाज्येष्ठतेत पुढे गेल्या. पैसा मिळाला, अनुभव मिळाला, ज्येष्ठता गेली, असा हा हिशेब आहे. तो तोट्याचाच आहे असे नाही. मात्र तो मांडून जावे.

१०. निष्कर्ष

१) आंतरराष्ट्रीय शाळेतील पद हा दर्जा नसून एक मुदतीचा सेवाकरार आहे. त्याचे मोल शाळेच्या नावावरून ठरत नाही; अभ्यासक्रम, त्या देशाचा कायदा व कराराची कलमे यांवरून ठरते.
२) अशा शाळांचे स्थैर्य पालकांच्या रोजगाराशी निगडित असल्याने शिक्षकाने त्या देशाच्या अर्थकारणाकडेही लक्ष ठेवले पाहिजे.
३) उत्प्रवासनविषयक संरक्षण सुशिक्षित शिक्षकास प्रत्यक्षात मिळत नाही, म्हणून माहिती हेच त्याचे संरक्षण होय.
४) पालघर परिसरातील बहुभाषिक वर्गांचा अनुभव ही येथील शिक्षकाची खरी पुंजी आहे, परंतु ती नोंदीअभावी अदृश्य राहते.

११. उपाययोजना

१) प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाने शिक्षणपद्धती, माध्यम व कालावधी नमूद करणाऱ्या दाखल्याचा नमुना तयार ठेवावा व तो ठरावीक मुदतीत द्यावा.
२) बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सेवाकरार वाचनावर किमान दोन तासिका घ्याव्यात. कराराचा नमुना वर्गात वाटून मूळ वेतन, भत्ते व उपदान यांचे गणित विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. विनाअनुदानित शाळेत रुजू होणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.
३) आंतरवासितेसाठी औद्योगिक वसाहतीतील व आदिवासी भागातील बहुभाषिक वर्ग आवर्जून निवडावेत आणि त्या कामाची संचिका प्रत्येक विद्यार्थ्याने तयार करावी.
४) परदेशातून परतलेल्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवून वर्षातून एकदा त्यांचा संवाद घडवून आणावा. त्यात यशाबरोबर फसवणुकीचे अनुभवही मोकळेपणाने मांडले जावेत.

१२. समारोप

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा शिक्षक परदेशी जावा की न जावा, हा निर्णय त्याचा आहे. त्यास रोखणे आपले काम नाही व भुलविणे तर नाहीच. मागील वर्षी एका विद्यार्थिनीने नियुक्तीपत्र दाखविण्यासाठी लेखिकेस स्टाफरूममध्ये गाठले. वेतनाचा आकडा तिने पिवळ्या रंगाने अधोरेखित केला होता. 'मॅडम, चांगले आहे ना?' असे तिने विचारले. त्या पत्रात मूळ वेतन कोठेही लिहिलेले नव्हते. ते विचारून घेण्यास तिला सांगितले. उत्तर येण्यास अकरा दिवस लागले आणि ते आल्यावर तिने अधिक मूळ वेतनाची मागणी केली. ती मान्य झाली व ती गेली. अकरा दिवसांचा हा विलंब आणि एक प्रश्न, एवढेच साहाय्य शिक्षकाकडून अपेक्षित होते. ते प्रत्येक विद्यार्थ्यास मिळावे, अशी व्यवस्था निर्माण करणे आपल्या हाती आहे.